उर्दूचा उच्चार : आधी कान, मग जीभ

कारेगावची संध्याकाळ रांजणगाव एमआयडीसीच्या पाळ्यांवर चालते. कारखान्यांच्या बसगाड्या चौकात थांबतात, भाजीच्या गाड्यांभोवती गर्दी होते, आणि मगरिबनंतर आमच्या ओट्यावर लहान-मोठ्या चपलांची रांग लागते. दिवसा आम्ही शाळेत मराठी शिकवतो. संध्याकाळचा एक तास घरी उर्दूचा. येणारी मुले दोन तऱ्हेची. काही इथलीच, शेख, मुलाणी, तांबोळी, आत्तार घराण्यांतली. त्यांची शाळा मराठी, खेळणे मराठी आणि घरात मराठी-दखनीची मिसळ. काहींचे वडील उत्तर प्रदेश-बिहारमधून कामासाठी आलेले. त्यांच्या कानावर उर्दूच्या जवळची बोली जन्मापासून पडलेली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीतली एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती. वाक्य साधे होते : डाकिया ख़त लाया. तिने ‘ख़त’ हा शब्द आपल्या मराठीतल्या ‘खत’सारखा वाचला. मागून एक मुलगा पटकन म्हणाला, “पोस्टमन शेणखत आणतोय होय?” सगळा वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. मुलगी खाली बसली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

चौथ्या दिवशी तिची अम्मी घरी आली. तक्रार करायला नव्हे, वही परत न्यायला. आम्ही आग्रह केला तेव्हा म्हणाली, “आपा, ती म्हणते मला नको उर्दू. आणि तिचं तरी काय चुकलं? आमच्या घरात तुमच्यासारखं कुणी बोलतंय का? मग ती कुणाचं ऐकून शिकणार?”

या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षे आम्ही त्या मुलीला हर्फ ओळखायला शिकवले, जोडायला शिकवले, चुकले की लाल पेनने गोल केले. पण बरोबर उच्चार तिच्या कानावर किती वेळा घातला? वीस-बावीस मुलांत रोजचा एक तास. प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटेही येत नाहीत. जे कधी नीट ऐकवलेच नाही, ते बोलता आले नाही म्हणून आम्ही हसलो होतो.

त्या दिवसापासून आम्ही ऐकण्यासाठी चांगल्या ध्वनिमुद्रणांचा शोध सुरू केला. त्या शोधात काय चुकले आणि काय हाती लागले ते इथे लिहीत आहोत. आपल्यापैकी अनेक घरांत हाच प्रश्न असेल.

मराठी कानाची अडचण

मराठी घरातल्या मुलाला उर्दूतले पाच आवाज नवे असतात : क़, ख़, ग़, ज़ आणि फ़. यातला फ़ बहुतेक मुलांना येतो. ज़ची गंमत वेगळी आहे. मराठीत ज दोन तऱ्हांनी बोलला जातो. ‘जीव’मधला वेगळा, ‘जावई’मधला वेगळा. दुसरा ज हा ज़च्या बराच जवळचा आहे, म्हणून ‘ज़मीन’ आणि ‘बाज़ार’ आपल्या मुलांना फारसे जड जात नाहीत. पण त्याच सवयीने ती ‘जवाब’ही ‘ज़वाब’ म्हणतात, कारण मराठीतला ‘जबाब’ तसाच बोलला जातो. चचेही तेच. मराठीतली ‘चादर’ आणि ‘चाकू’ एका तऱ्हेने, उर्दूतले ‘चादर’ आणि ‘चाक़ू’ दुसऱ्या तऱ्हेने.

राहिले क़, ख़ आणि ग़. हे घशातून येतात आणि मराठीत त्यांना जागाच नाही. आपण लिहितानाही खाली नुक्ता देत नाही. म्हणून मुलाच्या कानाला कमर (कंबर) आणि क़मर (चंद्र) एकच वाटतात. खाना (जेवण) आणि ख़ाना (कप्पा), गुल (फूल) आणि ग़ुल (गोंगाट), राज (राज्य) आणि राज़ (गुपित), फन (सापाचा फणा) आणि फ़न (कला) यांचेही तसेच. ‘ताक़’ म्हणजे कोनाडा, पण आमच्या मुलांना त्यातून ताकाचा गडवाच दिसतो!

जो फरक कानाला कळत नाही तो जिभेला जमत नाही. मुलाला दहा वेळा “नीट म्हण” सांगून उपयोग नसतो, कारण आपण नीटच म्हणतो आहोत असे त्याला वाटत असते. शिवाय उर्दूत ज़बर, ज़ेर, पेश बहुधा लिहिले जात नाहीत. शब्द आधी ऐकलेला नसेल तर तो नुसता पाहून वाचणे अवघड. म्हणून उर्दूला पुस्तकाइतकीच आवाजाची गरज आहे.

दालभाताचा वास

उच्चारावरून ऐकून घेणारी आपली मुलगी पहिली नाही. १९४७च्या सुमारास मुंबईच्या लोकलमध्ये संगीतकार अनिल विश्वास यांनी एका तरुण मराठी गायिकेची दिलीपकुमार यांच्याशी ओळख करून दिली. ती मराठी आहे हे कळल्यावर दिलीपकुमार म्हणाले की मराठी लोकांच्या उर्दूला दालभाताचा वास येतो. ती गायिका म्हणजे लता मंगेशकर. बोलणे लागले, पण त्यांनी उर्दू सोडली नाही. एका मौलानांकडे रीतसर उर्दूचे धडे घेतले. पुढे त्यांनी गालिबच्या गजला गायल्या, चाली त्यांचे बंधू हृदयनाथ यांच्या. ज्यांच्या उच्चाराला नावे ठेवली गेली, त्यांचीच गाणी ऐकून नंतर कितीतरी लोकांनी आपले उच्चार सुधारले.

हा किस्सा आपण मुलांना हौसेने सांगतो. पण त्यातली एक गोष्ट सांगायची राहते. लतादीदींना टोमणा मिळाला, आणि नंतर शिकवणारे कुणीतरी मिळाले. आमच्या वर्गातल्या मुलीला टोमणा मिळाला होता, पुढचे काही मिळाले नव्हते.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. दखनी ही बिघडलेली उर्दू नाही. उर्दू गजलेचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव आदराने घेतात ते वली औरंगाबादचे. दिल्लीत उर्दू शायरीला बहर येण्याच्या आधी दख्खनमध्ये ती लिहिली आणि गायली जात होती. सिराज औरंगाबादचे. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम कित्येक वर्षे औरंगाबादेतूनच केले. दखनीत अनेक ठिकाणी क़चा ख़ होतो, ‘क़लम’ची ‘ख़लम’ होते. तो त्या बोलीचा रिवाज आहे. तेव्हा मुलाला “घरचे बोलणे चूक” असे सांगू नये. “घरची बोली घरची, पुस्तकाची बोली पुस्तकाची, आपल्याला दोन्ही यायला हव्यात,” असे सांगावे. शेवटी शाळेतली प्रमाण मराठी आणि घरची मराठी यांतही आपण हा फरक करतोच.

चांगले ध्वनिमुद्रण कोणते?

शोधाला लागल्यावर पहिल्या महिन्यात आम्ही चुकाच केल्या. मोबाइलवर मुशायरे लावले. टाळ्या आणि ‘वाह वाह’मध्ये शब्द बुडाले. कव्वाली लावली; मुले ठेका धरू लागली. मालिकांचे तुकडे लावले. पात्रे इतकी भरभर बोलत होती की मोठी मुलेही हरवली. सिनेमाची गाणी सर्वांना आवडली, पण मुलांनी चाल उचलली, शब्द तसेच राहिले.

मग लक्षात आले की शिकण्यासाठीचे चांगले ध्वनिमुद्रण कसे असते हे आपल्या घरांना आधीच माहीत आहे. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात १९६१ मध्ये संपूर्ण कुरआनचे पहिले मुरत्तल ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. शिकणाऱ्यांसाठी त्यांनी केलेले पठण आजही घरोघरी लावले जाते. त्यात काय आहे? एकच आवाज. वाद्य नाही, गोंगाट नाही. गती संथ. प्रत्येक हर्फ आपल्या मखरजमधून, म्हणजे उच्चाराच्या नेमक्या जागेतून निघालेला. आणि समोर तेच शब्द लिहिलेले. मकतबात जाणारी आपली मुले ق आणि خ तिथे व्यवस्थित म्हणतात! मग उर्दूचे पुस्तक उघडले की तोच क़ कुठे जातो? जात कुठेच नाही. सिपारा मुलाने ऐकून शिकलेला असतो आणि उर्दूचा धडा नुसता पाहून.

उलट उदाहरणही सांगण्यासारखे आहे. एस्पेरांतो नावाची भाषा आहे. झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८८७ मध्ये वॉर्सात ती प्रसिद्ध केली. जगातल्या लोकांना एकमेकांशी सहज बोलता यावे म्हणून मुद्दाम सोपी बनवलेली. २८ अक्षरे, प्रत्येकाचा एकच उच्चार. आपल्या विनोबा भाव्यांनी कुरआनच्या अभ्यासासाठी अरबी शिकली, तशी ही भाषाही शिकून घेतली. इतक्या सोप्या भाषेचे शिकणारेसुद्धा चांगली ध्वनिमुद्रणे शोधत असतात, कारण ती बोलणारे शेजारी मिळत नाहीत. या भाषेत १९६६ मध्ये ‘इन्क्युबस’ नावाचा अमेरिकन चित्रपट निघाला. नायक विल्यम शॅटनर, पुढे मोठे नाव झालेले नट. पण नटांना भाषा येत नव्हती, संवाद घाईने पाठ केलेले. एस्पेरांतो जाणणाऱ्यांना त्यातले उच्चार ऐकवेनात. तो चित्रपट पाहून कुणी एस्पेरांतो शिकू म्हणेल तर चुकाच शिकेल. आवाज भारदस्त आहे, चेहरा प्रसिद्ध आहे, एवढ्याने ध्वनिमुद्रण शिकण्याजोगे होत नाही.

यावरून आम्ही आमच्यापुरत्या पाच कसोट्या ठरवल्या. आवाज एकाचाच असावा. मागे संगीत नसावे. गती अशी असावी की मुलाला मनात शब्द म्हणता यावा. तोच मजकूर छापील हातात असावा. आणि लांबी दोन मिनिटांपेक्षा जास्त नसावी. पहिल्या तीन अटी पुऱ्या होत नसतील तर ते ध्वनिमुद्रण मनोरंजनाला ठेवावे, शिकवायला घेऊ नये.

कुठे मिळेल?

सर्वांत जास्त उपयोग झाला तो रेख्ताचा. संजीव सराफ यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ मोफत आहे. गजला आणि नज्मा उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत दिसतात, देवनागरीत नुक्ते दिलेले असतात, शब्दावर बोट ठेवले की अर्थ येतो, आणि बऱ्याच रचना ऐकताही येतात. त्यांच्या शब्दकोशात एकेक शब्दाचा उच्चार ऐकायची सोय आहे. ज्या आई-वडिलांना उर्दू लिपी येत नाही पण मुलासोबत बसायचे आहे, त्यांना देवनागरीमुळे मोठा आधार मिळतो.

आकाशवाणीच्या उर्दू बातम्या ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपवर ऐकता येतात. स्वच्छ आवाज, सरळ वाक्ये. आठवीच्या पुढची मुले आणि मोठी माणसे यांच्यासाठी उत्तम. त्या दिवशीचे मराठी वर्तमानपत्र आधी वाचलेले असेल तर निम्मा अर्थ आपोआप लागतो. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाची व्याख्याने यूट्यूबवर आहेत. ती कॉलेजच्या मुलांनी ऐकावीत. उर्दू गद्य कसे वाचावे हे ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी झिया मोहिउद्दीन यांची वाचने शोधावीत. ती लहानांसाठी नाहीत, पण एकेका शब्दाला किती जागा द्यायची ते तिथे कळते.

अमीन सयानी यांचा आवाज आम्ही सुट्टीच्या दिवशी लावतो. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेमुळे ते देशभर पोहोचले. आमच्या लहानपणी तो कार्यक्रम विविध भारतीवर येऊ लागला होता. त्यांच्या अम्मी कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ शिक्षणाचे काम करत आणि ‘रहबर’ नावाचे पत्रक चालवत. ते उर्दू, देवनागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई. त्याच्या कामात हातभार लावतानाच आपल्याला सोपी भाषा सापडली, असे अमीनभाई सांगत. घर गुजराती वळणाचे, आणि तरी आयुष्यभर हिंदुस्तानीत अशी सफाई! मुलांना हे ऐकून धीर येतो.

पण सगळ्यात कामाचे ध्वनिमुद्रण इंटरनेटवर मिळाले नाही. बालभारतीची उर्दू माध्यमाची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. दुसरी-तिसरीच्या पुस्तकांतले बारा छोटे धडे आम्ही निवडले आणि शिरूरला राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज खणखणीत. पंखा बंद केला, खिडकी लावली, मोबाइल उशीवर ठेवला आणि त्यांनी एकेक धडा दोनदा वाचला. एकदा संथ, प्रत्येक वाक्यानंतर मुलाने म्हणावे म्हणून थांबत. एकदा नेहमीच्या गतीने. दोन दुपारी गेल्या, खर्च काहीच नाही. असे एखादे बुजुर्ग आपल्या तालुक्यात नक्की असतील. त्यांना विचारा. आम्ही विचारले तेव्हा ते चष्मा शोधत म्हणाले, “इतनी देर से क्यों आए?”

घरी कसे वापरावे?

रोज पंधरा मिनिटे पुरतात. आम्ही हा क्रम ठेवला आहे. आधी पुस्तक बंद ठेवून दोनदा फक्त ऐकायचे. मग पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून ऐकायचे. मग एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, म्हणायचे. शेवटी आपल्याच आवाजात ते वाक्य मोबाइलवर मुद्रित करायचे आणि मूळ वाक्याशेजारी ठेवून ऐकायचे. आपला आवाज ऐकताना मुले सुरुवातीला लाजतात, पण चूक इथेच सापडते, आणि ती त्यांची त्यांना सापडते. कुणी हसण्याचा प्रश्नच राहत नाही.

आठवड्यातून एकदा जोड्यांचा खेळ घ्यावा. आपण ‘कमर’ किंवा ‘क़मर’ म्हणायचे आणि मुलाने कंबर की चंद्र ते बोटाने दाखवायचे. मुलाला बोलायला लावायची घाई करू नये. ओळखता येऊ लागले की म्हणता येऊ लागते. क़साठी जिभेचा मागचा भाग पडजिभेशी टेकतो. ख़साठी तिथेच हवा घासत बाहेर येते, आणि ग़ त्याच जागेवरून, पण आवाजासहित. आमची मुले म्हणतात, “ख़ म्हणजे घसा खाकरल्यासारखं, ग़ म्हणजे गुळण्या केल्यासारखं.” व्याख्या म्हणून ती पुरेशी आहे.

मोबाइल मुलांच्या हाती द्यायची भीती बऱ्याच पालकांना वाटते, आणि ती रास्त आहे. त्यावर साधा तोडगा असा की ध्वनिमुद्रणे आधीच उतरवून ठेवावीत, इंटरनेट बंद करावे आणि फोन स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून आवाज मोठा करावा. भाकऱ्या थापता थापता अम्मीही ऐकते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईने असे ऐकत ऐकत सहा धडे पाठ केले आहेत. लिपी तिला आजही येत नाही.

ती मुलगी

वही न्यायला आलेल्या अम्मीला आम्ही त्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवले होते. पुढे बारा धडे तयार झाल्यावर ते घेऊन आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर येईना. आम्ही दारातूनच म्हणालो, “बेटा, त्या दिवशी चूक तुझी नव्हती. आम्ही हसायला नको होते.” शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागण्याची आपल्याकडे रीत नाही. पण हे बोलल्याशिवाय त्या ध्वनिमुद्रणांचा काही उपयोग झाला नसता, असे आम्हाला आजही वाटते.

ती लगेच आली नाही. तीन आठवडे तिने घरीच ऐकले. मग एका संध्याकाळी चपलांच्या रांगेत तिची चप्पल दिसली. आम्ही तिला वाचायला सांगितले नाही. ऐकणाऱ्यांत बसू दिले. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने स्वतः हात वर केला आणि डाकियाचाच धडा मागितला. ‘ख़त’ बरोबर आला. क़ अजूनही कधी येतो, कधी निसटतो. ज्याने शेणखत काढले होते तो मुलगा तिच्या शेजारी बसून आपला ग़ तपासून घेत होता, कारण तो त्यालाही येत नव्हता.

सुट्टीत आम्ही मुलांना एक काम दिले होते : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची एक गोष्ट, त्यांच्याच बोलीत, मोबाइलवर मुद्रित करून आणा. शंभर वर्षांपूर्वी ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीसाठी देशभरातल्या बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतल्या गेल्या आणि आज त्या इंटरनेटवर ऐकता येतात. मग आपल्या नानी-दादींचे बोलणे का जाऊ द्यायचे?

या मुलीने आपल्या नानीची गोष्ट आणली. शिरूरच्या बाजाराला बैलगाडीतून जाताना वाटेत पाऊस लागला, त्याची. अस्सल दखनी, मधेमधे मराठी. नानीच्या बोलण्यात ‘कलम’ही नव्हते आणि ‘क़लम’ही नव्हते, ‘ख़लम’ होते. वर्गात ते ऐकवले तेव्हा एकजण हसू लागला. ती म्हणाली, “हसू नको. नानी तशीच म्हणते. पुस्तकात वेगळं आहे, ते मी म्हणून दाखवते.” आणि तिने दोन्ही म्हणून दाखवले.